बाबांना पार्किन्सन, डॉक्टर म्हणाले "व्यायाम करा", पण गावात नक्की काय आणि कसा करायचा?

आगरवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. बाबांना पार्किन्सन आहे, वय ७१, निदान होऊन चारेक वर्षं झाली. गाव हर्णैच्या बाजूला, दापोली तालुका. घरी आई, बाबा आणि वहिनी. दादा जहाजावर असतो म्हणजे वर्षातले निम्मे महिने तो नाहीच, मी डोंबिवलीत, सुट्टी जुळली की येतो. सुरुवात उजव्या खांद्यापासून झाली, खांदा आखडला म्हणून तालुक्याला एका ठिकाणी शेक आणि मशीन असं बरेच महिने चाललं होतं, हाताची थरथर नंतर दिसली आणि मग मुंबईच्या न्यूरोलॉजिस्टने बाबांना पॅसेजमध्ये एकदा चालायला लावलं, हात झुलत नाही बघितलं आणि सांगून टाकलं. सिंडोपा, म्हणजे पार्किन्सनची गोळी, चालू आहे दिवसातून चार वेळा. गोळी चढली की माणूस आगरात जाऊन नारळ मोजतो, उतरली की खुर्चीतून उठवत नाही.

प्रॉब्लेम चालण्याचा आहे. मोकळ्या अंगणात बरे चालतात पण न्हाणीघराच्या दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, वरचं अंग पुढे जातं आणि पाय तिथेच. आई मागून "चला, अहो चला ना" करते, की ते अजूनच अडकतात. मध्ये पाखाडीवरून उतरताना पडले, हाड मोडलं नाही पण गुडघा चांगला सोलवटला, तेव्हापासून आईने बाहेर जाणं बंद केलंय आणि बाबा दिवसभर ओटीवर बसून रस्ता बघतात. मला वाटतं त्यानेच जास्त बिघडतंय.

डॉक्टरांच्या कागदावर एका ओळीत लिहिलंय "फिजिओथेरपी, रेग्युलर एक्सरसाइज". फिजिओ दापोलीला, रिक्षा करून जायचं यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो आणि तेवढ्यात गोळीची वेळ टळते. आणि बाबा म्हणतात व्यायाम चाकरमान्यांनी करायचा, मी जन्मभर माडावर चढलोय. तर नुसतं चालवलं तर पुरेल का, किती दमवायचं, गोळीच्या आधी करायचा की नंतर, आणि उभी असते ती सायकल घेऊ का, कारण पावसाळा तोंडावर आलाय, अंगणात शेवाळ धरलं की चालणं पण बंद. कोणाच्या घरी असेल तर सांगा प्लीज. गुगलवरचं सगळं वाचून झालंय, त्यातलं निम्मं जिम असलेल्या लोकांसाठी आहे.

मांडवी_काकू

आमच्या मिस्टरांना बरीच वर्षं आहे. रत्नागिरीत राहतो म्हणून फिजिओ घरी येते, पण आधी ज्यांच्याकडे जात होतो तिथे पण हेच, शेक, मशीन, आणि झोपवून पाय वरखाली. खांदा दुखायचा थांबला, चाल होती तिथेच. आता जी मुलगी येते तिने पहिल्या दिवशी मशीन काढलंच नाही, म्हणाली घरात कुठे कुठे अडकतात ते दाखवा. माजघराचा उंबरा, न्हाणीघर, पलंगाची कड, तिन्ही ठिकाणी तिने त्यांना चार चार वेळा चालवून बघितलं आणि वहीत लिहून घेतलं, मग व्यायाम ठरवले. तुम्ही दापोलीला एकदा तरी जा, पण असा माणूस बघा जो चाल बघेल. नुसती लाल लाइट लावून पेपर वाचत बसणारा नको.

वेळेचं सांगते. गोळी चढलेली असतानाच व्यायाम. आमच्याकडे घेतल्यावर पाऊण एक तासाने चढते, प्रत्येकाचं वेगळं असतं, दोन दिवस घड्याळ लावून बघा म्हणजे कळेल. आणि गोळी जेवणाच्या अर्धा तास तरी आधी, कारण मासे, डाळी, दूध ह्यातलं प्रोटीन त्या गोळीला शोषून घ्यायला आडवं येतं. आमच्याकडे दुपारी सुरमई आणि त्याच्याबरोबरच गोळी असं चालायचं आणि तीन वाजता माणूस खांबासारखा. मासे बंद करू नका हो, तेवढं एक सुख, फक्त वेळ सरकवा, आणि ते पण डॉक्टरांना विचारून, रिकाम्या पोटी कोणाला मळमळतं.

खुर्चीतून उठणं कसं शिकवलं ते लिहिते कारण ते आईंना लगेच करता येईल. आधी बूड पुढे, खुर्चीच्या कडेवर आणायचं. पाय मागे ओढून घ्यायचे, टाचा गुडघ्याच्या मागे जातील इतके, आणि पावलं थोडी फाकलेली. मग खाली वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं पाहिजे (इथेच सगळे कंजूषी करतात, मागे रेलून उठायला बघतात आणि धपकन परत बसतात), आणि मोठ्याने एक, दोन, तीन म्हणून उठायचं. मनात नाही, मोठ्याने. दिवसातून दोनदा दहा दहा वेळा. आम्ही आता हात धरत नाही. आधी मी दंड धरून उचलायची, त्यात माझी पाठ गेली.

आणि आईंना सांगा मागून "चला चला" नको. त्यांना ऐकू येतंय, त्यांना जायचंच आहे, पाय ऐकत नाहीत.

राजापूरचा_पाव्हणा

एवढी इंग्लिश भानगड कशाला. हा कंपवात, आयुर्वेदात आधीपासून आहे. खाजकुयलीच्या बिया कोकणात गडग्यागडग्यावर, पावडर करून दुधातून द्या आणि नारायण तेलाने रोज मालिश. आमच्या ओळखीच्या एकांची थरथर गेली. व्यायाम करून म्हातारा माणूस दमतो फक्त.

फिजिओ_कुडाळ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कुडाळला, पार्किन्सनचे पेशंट बऱ्यापैकी बघते. आधी पाव्हण्यांचं घेते कारण ते वाचून कोणी उद्याच शेंगा तोडायला जाईल. खाजकुयलीच्या बियांमध्ये खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणजे सिंडोपात जे असतं तेच, म्हणून तर थरथर कमी होते. पण त्याचमुळे ते घरच्या घरी गोळीच्या वर द्यायचं नाही. बियांत किती आहे ते प्रत्येक वेळी वेगळं, डोस वाढला की हातपाय आपोआप वळवळायला लागतात, बीपी पडतं, भास होऊ शकतात. द्यायचंच असेल तर न्यूरोलॉजिस्ट आणि वैद्य दोघांना एकमेकांचं माहीत असलं पाहिजे. मालिश जरूर करा, बरं वाटतं, आखडलेलं अंग सैल होतं, पण मालिशने पाऊल मोठं पडत नाही.

आता दादा तुमचं. ताकद जाणं हा ह्या आजाराचा मूळ प्रॉब्लेम नाही, म्हणून "जन्मभर माडावर चढलोय" ह्याचा उपयोग आहे पण उत्तर ते नाही. मेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणून एक भाग आहे, तिथल्या डोपामिन (हालचालीचा निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि चालणं, हात झुलणं, कूस बदलणं ह्या गोष्टी ज्या आपण लक्ष न देता करतो त्याच बिघडतात. शिवाय पेशंटला वाटतं मी नेहमीएवढंच पाऊल टाकलं, प्रत्यक्षात ते वीतभर पडलेलं असतं. म्हणून आमचा सगळा भर दोन गोष्टींवर, हालचाल मुद्दाम मोठी करायची, आणि आपोआप होत नाही ती लक्ष देऊन करायची. एलएसव्हीटी बिग नावाची पद्धत आहे ती ह्याच्यावरच उभी आहे, आठवड्यात चार दिवस, तासभर, असे चार आठवडे. आधी तीच पद्धत आवाजासाठी आली, लाऊड म्हणतात, कारण आवाज पण असाच बारीक होत जातो आणि माणसाला वाटतं मी नीट बोलतोय, बाकीचे बहिरे झालेत.

नुसतं चालणं पुरेल का, तर बसून राहण्यापेक्षा हजार पटीने बरं, पण रेंगाळत चाललेलं पुरत नाही. अमेरिकेतल्या पार्किन्सन्स फाउंडेशनच्या २०२१ च्या शिफारशीत आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आहे, त्यात दम लागेल असा, ताकदीचा, तोल सांभाळायचा आणि ताणाचा असे सगळे प्रकार येतात. दम किती, तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. २०१८ साली एक अभ्यास आला होता, १२८ पेशंट, अजून गोळ्या सुरू न झालेले, त्यातल्या काहींना ट्रेडमिलवर चालवलं, ज्यांनी जोरात केलं त्यांची लक्षणं सहा महिन्यांत ट्रेडमिल न केलेल्यांपेक्षा कमी वाढली. आजार थांबला असं नाही हां, तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ७१ च्या माणसाला एकदम पळवायचं नाही, आधी हृदयाची तपासणी, आणि पहिले पंधरा दिवस पाच पाच मिनिटांचे तुकडे.

सायकल घ्या. माझं स्पष्ट मत. नेदरलँड्समध्ये १३० पेशंटना घरीच उभ्या सायकलवर आठवड्यात तीनदा, अर्धा ते पाऊण तास, सहा महिने बसवलं होतं, २०१९ ला छापून आलं, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांची हालचाल चांगली राहिली. आणि गंमत म्हणजे जो माणूस चालताना दर चार पावलांना अडकतो तो सायकलवर बसला की गुळगुळीत पेडल मारतो, २०१० मध्ये असा पेशंट जगभरच्या डॉक्टरांच्या चर्चेत होता. पण म्हणून रस्त्यावरची सायकल काढून देऊ नका, उतरताना पडतील. जड बुडाची, टेकायला पाठ असलेली घ्या, पाय पेडलला पट्ट्याने बसला पाहिजे, आणि चढता उतरताना कोणीतरी बाजूला.

आता अडकणं, ह्याला आम्ही फ्रीजिंग म्हणतो. दार, वळण, अरुंद जागा, घाई, आणि मागून कोणी बोललं की जास्त. अडकले की पहिलं काम थांबणं, ढकलत राहायचं नाही. मग ताठ उभं राहायचं, कारण तोपर्यंत अंग पुढे गेलेलं असतं. मग डावी उजवीकडे डोलायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, आणि मग मोकळा झालेला पाय मोठा टाकायचा. थांब, ताठ, डोल, टाक. हे चार शब्द न्हाणीघराच्या चौकटीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा, आईंनी मागून बोलायचं तर एवढेच, आणि एकदाच.

दुसरं, जमिनीवर आडवे पट्टे. आडवे, उभे नाहीत. लादी असेल तर रंगीत टेप, कोबा असेल तर टेप चिकटत नाही, गेरू किंवा चुन्याने ओढा, अंतर साधारण एक हात, न्हाणीघराच्या दाराच्या अलीकडे तीन चार आणि आत एक. पट्ट्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. बऱ्याच लोकांत हे बघताबघता चालतं, घरचे चकित होतात, पण सगळ्यांत चालत नाही, चाललं नाही तर ठेका वापरून बघा. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे टकटक ठेका देणारं ॲप, मिळतं, त्यांच्या नेहमीच्या चालीचा वेग आधी मोजा आणि तिथूनच सुरू करा, सुरुवातीलाच फास्ट लावलात तर धावत सुटतील.

वळताना एका पायावर गिरकी नको, मोठा वळसा. चालताना गप्पा नकोत, हातात कळशी बादली काही नको, लक्ष एकाच कामावर. तोलाचे व्यायाम ओटीच्या कोपऱ्यात करा, पाठीमागे दोन भिंती आणि पुढे जड खुर्ची, म्हणजे कुठेही गेले तरी टेकतील. ताई ची म्हणून चिनी व्यायाम आहे, त्यावर २०१२ चा १९५ पेशंटचा अभ्यास आहे, आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. आपल्याकडे ताई ची कोण शिकवणार, पण त्यातलं मुख्य काम सावकाश वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं आणि पाय फाकवून उभं राहणं, ते घरी करता येतं.

आणि बसलेले एकदम उठले की चक्कर येते का बघा, बीपी बसून आणि उभं राहून असं दोन्ही मोजा. हा आजार आणि ह्या गोळ्या दोन्हीने उभं राहिल्यावर बीपी पडतं, मे महिन्यात घामाने अजूनच. तसं असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

देवगडचो_बबन

मी पेशंट. म्हणजे माझ्याविषयीच चाललंय असं समजून लिहितो. टाइप करायला वेळ लागतो, एक बोट आणि तेपण हलणारं, तेव्हा चुका पोटात घाला.

बाईंनी सगळं बरोबर लिहिलंय. पण तुमचे बाबा ओटीवर का बसतात ते मी सांगतो. नुसती पडायची भीती नाही. बाजारात गेलं की लोक बघतात. माझ्या तोंडावर भाव येत नाहीत, लोकांना वाटतं हा रागावलाय नाहीतर प्यायलाय. सुटे पैसे काढायला खिशात हात घातला की हात खिशातच नाचतो आणि मागे लाइन. मग माणूस म्हणतो नको तो बाजार. माझ्या बायकोने ह्याच्यावर एक केलं, सुटे वेगळ्या पिशवीत, आणि ओळखीच्या दोन दुकानदारांना सांगून ठेवलं की ह्यांना पार्किन्सन आहे, घाई करू नका. मला आधी राग आला होता. आता मी स्वतःच सांगतो.

व्यायाम म्हटलं की मी पण पळायचो. आमच्याकडे दर गुरुवारी भजन, मी झांज वाजवायचो, हात बिघडला म्हणून जाणं सोडलं होतं. पुतण्या जबरदस्तीने घेऊन गेला आणि बघतो तर गजर सुरू झाल्यावर हात ठेक्यात. एकटा असताना चमचा तोंडापर्यंत जात नाही आणि झांज बरोबर पडते. डॉक्टरला विचारलं तर म्हणाले बाहेरून ताल मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. आता गजराला उभा राहून पावलं टाकतो, पुढे दोन, मागे दोन, मागे टाकताना पुतण्या पाठीशी उभा. सगळ्यात दम लागणारा व्यायाम तोच होतो माझा आणि त्याला व्यायाम कोणी म्हणत नाही. तुमच्याकडे नमन, जाखडी, आरत्या काय असेल त्यात घाला त्यांना. पुण्यात पार्किन्सनच्या पेशंटसाठी नाचाचे वर्ग चालतात ऐकलंय, आम्हाला कुठले वर्ग, आम्हाला गजर.

वाळूवर चालणं लोक सांगतात. कोरड्या वाळूत मी दोनदा तोंडावर आपटलोय, पाय रुततो आणि आधीच तो उचलत नाही. ओहोटीला खालची ओली घट्ट वाळू असते त्यावर चालतो, लांब बघून, आणि चालून झाल्यावर मागे वळून आपली पावलं बघतो, किती लांब पडली ते वाळूत दिसतं, फरपटला तर रेघ दिसते. पाण्यात जात नाही. पोहायला येत होतं म्हणून आत गेलेला आमच्यातलाच एक जण मधेच आखडला, लोकांनी ओढून काढला.

आणखी एक, उलटी चक्कर असं काही झालं आणि गावातल्या डॉक्टरकडे गेलात तर पार्किन्सन आहे हे आधी सांगा. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन असली औषधं आपल्याला चालत नाहीत, अंग जास्त धरतं. मी एका कागदावर लिहून पाकिटात ठेवलंय.

आमची आजी चालताना म्हणायची "हळू चल रे, धावतंस कित्याक". आता तेच बायको म्हणते.

राजापूरचा_पाव्हणा

बरं, खाजकुयलीचं मागे घेतो, गोळीतच ते असतं हे मला ठाऊक नव्हतं. पण तेलाचं सोडणार नाही.

मांडवी_काकू

तेल लावा पण पायाच्या तळव्याला लावून लगेच लादीवर उभं करू नका म्हणजे झालं 😄

बबनकाका, झांजेचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे आरतीच्या वेळी ह्यांचा आवाज एकदम खणखणीत येतो, बाकी दिवसभर मी "काय? काय म्हणालात?" करत असते. फिजिओने आता रोज सकाळी दीर्घ आऽऽऽ करायला लावलंय, जितका लांब आणि मोठा जाईल तितका. शेजारी विचारतात काय झालं म्हणून.

आगरवाला_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ह्या आठवड्यात घरी आलोय म्हणून काही करून बघितलं. न्हाणीघराच्या बाहेर कोबा आहे, वहिनीने गेरूने पट्टे ओढले. बाबांनी आधी विचारलं हे काय, मंडई भरवताय? मग चालले आणि दार ओलांडून गेले. दुसऱ्या वेळी अडकले, पण आई बोलली नाही (तोंडाला पदर लावून उभी होती बिचारी), त्यांनी स्वतःच डोलून पाय टाकला. आत जाताना जमतं, बाहेर येताना जास्त अडकतात, ते का?

गोळीचं पण बघितलं, सकाळची चढायला जवळजवळ तास लागतो, दुपारची त्याहून जास्त, कारण काकूंनी लिहिलंय तेच, जेवणाबरोबर घेत होते. डॉक्टरांना मेसेज टाकलाय वेळ बदलू का म्हणून.

सायकलचं बाबा नाही म्हणतात, जागच्या जागी पाय मारून कुठे पोचणार विचारतात. त्यांना आगरात जायचंय. आगरात जायचं म्हणजे तीन दगडी पायऱ्या आणि मग पाटाच्या कडेने अरुंद वाट, आई नाहीच म्हणते. ह्यावर काही मार्ग आहे का? आणि खाली झोपायची सवय आहे, चटईवर, उठताना वहिनी दोन्ही हात धरून ओढते.

फिजिओ_कुडाळ

बाहेर येताना जास्त अडकतात कारण आत वळावं लागतं, वळलं की लगेच दार, दोन्ही अडचणी एकदम. आतल्या बाजूला पण दोन पट्टे काढा आणि वळणं दाराशी नको, लांब भिंतीशी करून मग सरळ दाराकडे यायला सांगा. बादली, स्टूल, जे काय वाटेत आहे ते उचला. आत एक आडवा दांडा बसवून घ्या, टॉवेलचा नळीवाला नाही, वजन घेईल असा, भिंतीत पक्का. तिथे ओलं असतं आणि पडले तर नळावर डोकं आपटतं, माझ्याकडे आलेल्या पडण्याच्या केसेसमध्ये न्हाणीघर सगळ्यात वर आहे.

खाली झोपणं. खाट होत असेल तर करा, गुडघ्याएवढी उंच, फार मऊ गादी नको, मऊ गादीत कूस बदलता येत नाही. पण खालून उठायला शिकवणं तरीही गरजेचं, कारण उद्या पडले आणि घरी फक्त आई असली तर. आधी कुशीवर वळायचं, गुडघे वाकवून. मग कोपरावर, मग हातावर जोर देऊन रांगत्या स्थितीत. रांगत जड खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, चांगला पाय पुढे रोवायचा आणि त्यावर जोर देऊन उठायचं. वहिनीचं काम खुर्ची धरून ठेवायची, हात ओढायचे नाहीत, ओढून खांदा निखळलेले पेशंट बघितलेत. हे पहिल्यांदा फिजिओसमोर करा, दापोलीची एक फेरी ह्याच्यासाठी काढा, गोळीची वेळ धरून अपॉइंटमेंट मागा, देतात. आणि तिथे नुसती मशीन लावायला लागले तर स्पष्ट सांगा की मला चाल, वळणं, उठणं आणि तोल ह्याचं काम हवंय.

आगर. मी असते तर नाही म्हटलं नसतं. बाबांना तिकडे जायचंय हे तुमच्याकडे असलेलं सगळ्यात मोठं औषध आहे, नाहीतर पेशंटला खुर्चीतून उठवण्यातच आमचा निम्मा वेळ जातो. पायऱ्यांना एका बाजूला रेलिंग लावा, जीआय पाइपचं गावातला फॅब्रिकेटर करून देतो. प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा ऑइलपेंटचा पट्टा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी, एका पायरीवर दोन्ही पाय आले की मग पुढची. पाटाच्या कडेची वाट नको, ती खरंच नको, तिथे आई बरोबर आहे. त्यांना पायऱ्यांच्या खाली सपाट जागेत काम द्या, सुपारी निवडायची तर उभं राहून टेबलावर, झावळ्या ओढायच्या, झाडांना पाइपने पाणी, हात लांब करून डावी उजवी. गोळी चढल्याच्या तासात. पायात मागे पट्टा असलेलं काहीतरी, रबरी स्लिपर बंद, ती पाय फरपटला की दुमडते. आणि पाऊस सुरू झाला, पायऱ्या शेवाळल्या की आगर बंद, तेव्हा सायकल. ब्लीचिंग पावडर टाकून घासल्या तरी मला पावसातल्या जांभ्यावर भरवसा नाही.

मुंबईला पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, पुण्याला पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, दोन्हीकडे संपर्क करून ऑनलाइन काय चालतं ते विचारा, डोंबिवलीत बसून तुम्ही आणि गावात बाबा एकाच वेळी मोबाइलसमोर व्यायाम करू शकता.

देवगडचो_बबन

जागच्या जागी पाय मारून कुठे पोचणार, हे बाबांचं मला पटलं. मी सायकलसमोर टीव्ही लावला आणि क्रिकेट बघतो. आयपीएलची अर्धी इनिंग म्हणजे बरोबर पाहिजे तेवढं होतं, फक्त विकेट पडली की मी पेडल थांबवतो, ती सवय लागली नाही पाहिजे.

प्रमाणपत्राचं कोणी लिहिलं नाही म्हणून, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. लाज वाटून घेऊ नका, मी वर्षभर वाटून घेतली.

आगरवाला_डोंबिवली

रेलिंगवाल्याला सांगितलं, सोमवारी माप घ्यायला येतोय. आईला बाईंचं पोस्ट वाचून दाखवलं, पाटाच्या वाटेवर ती बरोबर आहे म्हटल्यावर पायऱ्यांना एकदम तयार झाली. चालण्याचा व्हिडिओ काढून दापोलीच्या फिजिओला आधी पाठवू का? कसा काढू, गोळी असताना की नसताना?

फिजिओ_कुडाळ

दोन्ही काढा, आणि प्रत्येकावर गोळी किती वाजता घेतली ते बोलून रेकॉर्ड करा. बाजूने काढा म्हणजे पाऊल आणि पाठीचा बाक दिसतो, एक समोरून दारातून येतानाचा. लेंगा गुडघ्यापर्यंत वर, पाय दिसू देत. आणि "चला बाबा, व्हिडिओ काढतोय" असं सांगू नका, सांगितलं की सगळे पेशंट मस्त चालतात.